प्रेमसिंग खुर्चीवर बसला तो दिवस

या, टेका असं खाटंवर. घाई असंल तर खुशाल जा, पन बसलात तर एक गोष्ट सांगतो, घरी जाऊन बायको-लेकरांना सांगावी अशी. हिंगोली जिल्हा नवा नवा झाल्ता, त्या टायमाची. सेनगावाकडचं एक सरकारी हापिस. कोनतं ते इचारू नका, हापिसं सारी सारखीच असतेत.

त्या हापिसात प्रेमसिंग शिपाई व्हता. पुसेगावच्या अलीकडं त्याचा तांडा. अंगानं काटकुळा, मिशा मात्र भरघोस. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप काढायचा, संध्याकाळी सगळ्यांच्या मागून लावायचा. मधल्या टायमाला त्याचं नाव इतक्या बार घुमायचं की भिंतीलाबी पाठ झालं असंल. "प्रेमसिंग, पानी!" "प्रेमसिंग, फाईल!" "प्रेमसिंग, हा पंखा काहून बंद पडला रे?" जसा काही त्यानंच फुंकून बंद केला.

सगळ्यात मोठी हाक तातेरावांची. तातेराव म्हंजे तिथले मोठे बाबू. जाडजूड मानूस, गुडघ्यानं अधू, आवाज मात्र बैल हाकल्यासारखा. वाईट न्हाई हं. पन हाक मारल्याबिगर त्याहिला दम घेता येत नव्हता.

आता त्या हापिसाची एक रीत व्हती. कोनी बदलून गेलं, का रिटायर झालं, की मिटिंगच्या हॉलमंदी निरोपाचा कार्यक्रम व्हायचा. शाल, नारळ, हार, भजे, चहा आन दोन-चार भाषनं. हे सारं कोन करायचं? प्रेमसिंग. झाडनं त्याचं, खुर्च्या मांडनं त्याचं, बाजारातून हार आननं त्याचं. भाषन चालू असताना गडी दाराशी उभा, आन टाळ्या पडल्या की चहाचा ट्रे घेऊन आत. कितीतरी साहेब त्यानं असे वाटंला लावले.

मंग त्याचीच रिटायर व्हायची बारी आली.

साहेब तरनाबांड, नवाच आलेला. त्यानं तातेरावांना सांगितलं, "प्रेमसिंगचा कार्यक्रम झकास झाला पाहिजे बरं."

"होऊन जाईल साहेब," तातेराव म्हन्ले. आन येऊन टायपिस्ट संगिता म्याडमला म्हन्ले, "त्याला सांगून ठेवा तेवढं."

म्याडमला पेच पडला. ज्याचा सत्कार त्यालाच नारळ आन म्हनून कसं सांगायचं? तिला वाटलं, तातेराव सोताच बघतील. तातेरावांना वाटलं, म्याडमनं सांगितलं असंल. साहेबाला वाटलं, चालू असंल काम. आन सगळ्यांच्या मनात खोल एकच व्हतं, की ह्या हापिसात कार्यक्रम आपोआप व्हतो. इतके बरसं झाले, व्हतच आला की!

तिकडं प्रेमसिंग गप. नवरदेव का सोताचा मांडव सोताच घालतो व्हय? हॉलची किल्ली त्याच्याच करगोट्याला. कोनी मागंना, तवा त्याला वाटलं, दुसरी केली असंल.

खरं सांगू का, त्याला सत्काराचं येड नव्हतं. त्याच्या मनात ठसठसत व्हता वसराम. वसराम म्हंजे त्याचा चुलतभाऊ, तांड्याचा नायक. विहीर-बागाईतवाला, लाल पागोट्याचा, तोंडाचा फटकळ. तांड्यावर चार मानसं जमली की म्हनायचा, "आमचा प्रेम्या सरकार चालवून राहिला! सरकारला तहान लागली की पानी पाजतो!" मानसं हसायची. प्रेमसिंगबी हसायचा, पन ते हसू त्याच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. एकदा, फकस्त एकदा, वसरामनं त्याला साहेबाच्या बाजूला खुर्चीवर बसलेला बघावा, एवढीच त्याची आस. म्हनून सोता जाऊन आवतन देऊन आला. "नायक, तुमी यायलाच पाहिजे."

"येतो की," वसराम म्हन्ला. "पानी तूच देशील ना?"

कार्यक्रमाच्या दिवशी प्रेमसिंगनं सकाळची सुट्टी काढली. दुपारी काळी-पिवळी जीप हापिसापुढं थांबली. पुढं वसराम, मागं तांड्यावरची म्हातारी मानसं, आन प्रेमसिंगची बायको जिवनबाई, पेटीतली आरशांची ओढनी घेतलेली. प्रेमसिंगच्या अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा सदरा.

सारं हापिस वऱ्हांड्यात उभं.

"अरे ये, ये!" तातेराव ओरडले. "केवढी वाट बघायला लावतो बाबा? हॉलची किल्ली कुठाय?"

प्रेमसिंगचा हात कमरंला गेला. त्यानं कुलूप काढलं आन दार लोटलं.

आत काहीच नव्हतं. धूळ व्हती. खुर्च्या कोपऱ्यात एकावर एक चढलेल्या. एक कबूतर आपल्याच घरी असल्यासारखं टेबलावरून चालत गेलं. साहेबानं तातेरावांकडं बघितलं, तातेरावांनी म्याडमकडं, म्याडमनं आपल्या चपलांकडं.

"प्रेम्या," मागून वसराम बोलला, "लगीन तुझंच हाय ना? मांडव उठून गेला, का घालायचाय अजून?"

प्रेमसिंगचे कान तापले. पन मानूस कामाचा. त्याच्या डोक्यानं लगेच हिशोब मांडला. झाडून घेतो, खुर्च्या लावतो, सायकलवर जाऊन नारळ-हार घेऊन येतो. कोनाला कळायच्या आत सारं बराबर. न्हाई केलं तर कार्यक्रमच व्हनार न्हाई. अन् केलं, तर वसरामच्या डोळ्यांपुढं सोताच्या सत्काराला सोताच झाडू मारायचा. त्यानं क्षनभर जिवनबाईकडं बघितलं. तिची नजर खाली. मंग त्यानं इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आन दारामागचा झाडू उचलला.

"ठेव तो," तातेराव म्हन्ले.

"अर्ध्या घंट्यात करतो बाबूसाहेब, तुमी बसा."

"ठेव म्हन्लं ना!" आवाज नेहमीचाच, पन आज त्याला कुठंतरी चीर गेल्ती. तातेरावांनी झाडू त्याच्या हातातून वडूनच घेतला. एक खुर्ची फरफटत वऱ्हांड्यात आनली. "इथं बस. हलायचं न्हाई."

आन तातेरावांनी नाकाला रुमाल बांधला.

काय सांगू तुमाला! पानी न शिंपडताच झाडलं. असा धुरळा उठला की कबूतरबी खिडकीतून पळालं. साहेब खोकत खोकत मोटारसायकल काढून बाजाराला गेला. म्याडमनं स्टोव्ह पेटवायला घेतला, तो पेटंना. प्रेमसिंग दोनदा उठला. "अवो म्याडम, आधी पंप—"

जिवनबाईनं त्याच्या कोपराला धरून खाली वडला. "बसा. पेटंल न्हाईतर न्हाई पेटंल."

ते बसनं त्याला त्या दिवशी जेवढं जड गेलं, तेवढं आख्ख्या नोकरीत कोनतं काम गेलं नसंल. हात मांडीखाली दाबून बसला बिचारा.

तेवढ्यात तातेराव दारात आले, धुळीनं पीठ लावल्यावानी पांढरे झालेले. समोर लाल पागोटं दिसलं. नायक का कोन, त्याहिला काय माहीत!

"ओ पागोटंवाले! नुसते उभे काहून? खुर्च्या धरा जरा!"

वसराम मागं-पुढं बघाय लागला. उभ्या जन्मात त्याला कोनी असं बोललं नव्हतं. तांड्यावरची म्हातारी मानसं श्वास धरून उभी. पन तातेराव खुर्चीचं एक टोक धरून वाकलेले, गुडघ्यानं कन्हत व्हते. वसराम गेला. एक खुर्ची धरली, मंग दुसरी. मंग धोतर खोचलं.

साहेब परत आला. नारळ भेटला, हार भेटला, शाल काही भेटली न्हाई. सोलापुरी चादर घेऊन आला, निळ्या फुलांची. तीच प्रेमसिंगच्या खांद्यावर टाकली. उन्हाळ्याचे दिवस, गडी घामानं निथळून राहिला, पन चादर काही काढली न्हाई.

साहेब बोलला, चांगलं बोलला. तातेराव उभे राहिले, "हा प्रेमसिंग" एवढं म्हन्ले आन खाली बसले. थोड्या टायमानं उठले ते थेट बाहेर गेले, आन चहाचा ट्रे घेऊन आत आले. रीत अशी की पहिला कप साहेबाला. तातेराव प्रेमसिंगपुढं येऊन थांबले. प्रेमसिंगनं डोळ्यांनी साहेबाकडं खुनावलं. तातेराव हलंनात.

प्रेमसिंगनं कप घेतला.

"आता तू बोल," साहेब म्हन्ला.

प्रेमसिंगनं एक घोट घेतला. चहा म्हंजे नुसतं गरम पानी, त्यात भुकटी तरंगत असलेली. समोर म्याडम जीव मुठीत घेऊन बघून राहिली व्हती.

"मला भाषन येत न्हाई," तो म्हन्ला. "चहा लई ब्येस झाला."

सारं हापिस हसलं. म्याडमनं पदर डोळ्याला लावला.

परतीची जीप निघाली. वसराम कंबर चोळत म्हन्ला, "प्रेम्या, दर बारीला तू एकटाच करायचास हे?"

"व्हय नायक."

"खुर्च्याला कोनी हात लावायचं न्हाई?"

"न्हाई."

तांडा आला. नायकानं आधी उतरायचं, ही तिथली पद्धत. वसराम जागचा हलला न्हाई. प्रेमसिंगच्या मांडीवरचा नारळ त्यानं आपल्या हातात घेतला आन म्हन्ला, "उतर तू. चादर सांभाळ, दारात अडकंल."

प्रेमसिंग अजून हाय तिथं. पुसेगावच्या वाटंनं गेलात तर घडीभर थांबा त्याच्या दारी. तुमाला बघून तो उठंल, चुलीकडं निघंल. तेवढं एक काम करा माझं. त्याच्या खांद्याला धरून त्याला खाली बसवा, आन चहा तुमी टाका.