मोठा वाडगा कुणाचा

मी भाताचा वाडगा बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. माझं डोकं फिरलेलं आहे, आणि ते काही आज फिरलेलं नाही.

हासामी गावच्या कुंभारभट्टीतून मी बाहेर पडलो तोच जोडीनं. एकच माती, एकच निळ्या लाटांची नक्षी. मी मोठा वाडगा, माझी जोडीदार धाकटी वाटी. दुकानात आमच्या जोडीचं नावच 'नवरा-बायको'. मोठा नवऱ्याचा, छोटी बायकोची. हे ठरवलं कुणी? बाईचं पोट कुठल्या कुंभारानं मोजलं होतं?

तोयामाच्या आखाताकाठी, एका बंदरगावात शिगेओ न्हाव्याच्या लग्नात आम्ही आहेर म्हणून आलो. शिगेओ पोटाचा नाजूक. चार घास गेले की जेवायच्या काड्या खाली ठेवायचा. त्याची बायको मित्सुए मात्र पहाटेपासून धक्क्यावर बर्फात भरलेले माशांचे खोके उचलायची. घरी यायची तेव्हा भात निवेपर्यंत थांबणंही तिला जड जायचं. त्या एवढ्याशा धाकटीत ती पुन्हा पुन्हा भात वाढून घ्यायची आणि दर वेळी ओशाळायची.

एका सकाळी शिगेओनं मला तिच्याकडे सरकवलं.

"अहो, हा तुमचा," ती म्हणाली.

"तूच घे. हा भरलेला बघूनच मला धडकी भरते."

त्या दिवसापासून मी तिचा, धाकटी त्याची. आमच्याकडे ज्याचा वाडगा त्याचाच. सख्खा मुलगासुद्धा बापाच्या वाडग्यात जेवत नाही. तिचा डावा तळहात बर्फानं फुटलेला, खरखरीत. त्यात बसायला मला बरं वाटायचं. वाफाळता भात, वर खारवलेला मुळा, कधी भाजलेला मासा. शेवटी माझ्यात चहा ओतून, हलवून ती तोही पिऊन टाकायची. एक शीत राहू द्यायची नाही.

पण पाहुणे आले की सोंग सुरू. मी शिगेओसमोर, धाकटी तिच्यासमोर. शिगेओची थोरली बहीण किनुको कौतुकानं सगळ्यांना सांगायची, आमच्या मित्सुएचं जेवण म्हणजे पाखराचं. मित्सुए तोंडावर हात ठेवून हसायची आणि मग स्वयंपाकघरात उभ्या उभ्या पातेल्यातून खायची. शिगेओला सगळं माहीत होतं. तो मिठाची गुळणी धरून माझ्यातला भात चिवडत बसायचा. एवढा राग यायचा मला! घरातल्या घरात चांगलं वागायला काय लागतं? चारचौघांत बोलून दाखवायचं होतं.

मित्सुए या हिवाळ्यात गेली. गेलेल्या माणसाच्या उशाशी त्याच्याच वाडग्यात भाताची रास करून त्यात काड्या उभ्या खोचतात. शवपेटी घराबाहेर पडताना तोच वाडगा दारात फोडतात. इथलं तुझं जेवण संपलं, आता मागे वळू नकोस, असा त्याचा अर्थ. सगळं किनुकोच करत होती. तिनं फळीवरून धाकटी काढली.

"शिगेओ, हीच ना तिची?"

गल्लीतली माणसं दाटीवाटीनं बसलेली. शिगेओनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हो."

माझ्या बुडाची आग काठापर्यंत गेली. जन्मभर खोके उचलणाऱ्या बाईच्या शेवटच्या प्रवासाला एवढासा भात! आणि बिचाऱ्या धाकटीचे, काही दोष नसताना, दारात तुकडे.

मग तो माझ्यात जेवायला लागला. जेवायला कसला, अर्धा भात टाकून उठायचा. मी त्याच्या हातात जळत होतो आणि तो समजत होता की भात गरम आहे.

एकोणपन्नासाव्या दिवशी गेलेल्याचा जीव घर सोडतो म्हणतात; त्या दिवसाच्या जेवणाला पुन्हा सगळे जमले. किनुकोनं मला भरून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं मला बाजूला सरकवलं.

"ताई, हा माझा नाही. हा मित्सुएचा. त्या दिवशी तू फोडलीस ती माझी वाटी."

"काहीतरीच काय. बाईमाणसाला एवढा वाडगा?"

"तिला भूक लागायची." त्याचा आवाज चढला होता. "माझ्या दुप्पट जेवायची ती. रोज. मला सांगायची लाज वाटली."

किनुकोचा चेहरा पांढरा पडला. जित्या भावाची वाटी आपण दारात फोडली! आणि गेलेलीची तशीच राहिली, म्हणजे ती परत परत दाराशी येत असणार. "अरे, मग त्याच वेळी का नाही बोललास?"

"लाज होतीच. शिवाय ती आली तर येऊ दे, असंही वाटलं."

म्हणे येऊ दे! आणि आल्यावर काय खाणार होती ती, तुझं उष्टं?

पण मग त्यानं किनुकोच्या हातातली भातवाढी घेतली. माझ्यात रास केली, दाबून, उंच, धक्क्यावरून येणाऱ्या बाईला पुरेल एवढी. तिच्या काड्या उभ्या खोचल्या आणि मला तिच्या फोटोपुढे ठेवलं. कुणी हसलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी चारचौघांत तिच्यासमोर होतो.

भात निवल्यावर मला रिकामं करून तो दाराशी आला आहे. खाली उंबऱ्यापुढचा दगड आहे. मागे किनुको हात जोडून उभी आहे. त्यानं मला धरलंय, पण बोटं काही सुटत नाहीत.

बाबा रे, मी तुझा कधीच नव्हतो. तिचा आहे. माझा राग शांत व्हायला अजून वेळ लागेल, पण ते तुझ्या हातात बसून होणार नाही.

सोड मला.