गेटवरच्या बायका

त्या धुलाई कारखान्याचे मालक दिवसातून एकदा तरी गेटवरच्या बायकांचं नाव काढायचे. कुणी पंखा मागितला, कुणी अर्ध्या दिवसाची रजा मागितली, की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, जायचं असेल तर खुशाल जा, गेटवर बायका उभ्याच आहेत. त्या बायका आजवर कुणी पाहिल्या नव्हत्या. सकाळी येताना गेटवर एक पिवळं कुत्रं असायचं आणि संध्याकाळी जाताना तेही नसायचं. पण पोटापाण्याचा प्रश्न आला की न दिसणाऱ्या बायकाही दिसायला लागतात, आणि रजेचा विषय तिथेच गार पडायचा.

मालकांचा सगळा कारभारच असा. भिंतीवर कॅमेरा होता, पण त्याची वायर थोडी पुढे जाऊन हवेत लोंबत होती. कुणी भेटायला आलं की ते फोन कानाला लावून मोठमोठ्या हॉटेलांच्या ऑर्डरी घ्यायचे. एकदा असंच बोलता बोलता तो फोन कानावरच वाजला, तेव्हा सगळ्याजणींनी हसू दाबायला चादरींत तोंडं खुपसली होती.

थापांच्या बाबतीत बायकाही काही कमी नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत घडीच्या टेबलावरचे डबे बाजूला सारून ब्लफचा डाव रंगायचा. पत्ते पालथे टाकायचे, ‘तीन राजे’ म्हणून ठोकून द्यायचं आणि समोरचीला संशय आला तर तिने ‘ब्लफ’ म्हणून पत्ते उलटायचे. थाप पकडली की सगळा ढीग थापाडीच्या गळ्यात, उगाच संशय घेतला तर घेणारीच्या. यात वकीलबाईंचा हात धरणारी कुणी नव्हती. कोर्टाची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती, पण त्यांच्या तोंडापुढे भलेभले गारद व्हायचे, म्हणून हे नाव.

आणि एक होती काच. मनात जे आलं ते तिच्या चेहऱ्यावर लगेच दिसायचं, म्हणून काच. सुरुवातीला तिने एक-दोन थापा मारून पाहिल्या. दोन्ही वेळा कान लालबुंद झाले आणि ढीग गळ्यात पडला. तेव्हापासून पत्ता असला तर टाकायची, नसला तर ‘पास’ म्हणायची. तिला ‘ब्लफ’ म्हणण्याच्या फंदात कुणी पडायचं नाही.

मालकांनी ही गोष्ट केबिनच्या काचेतून बरोबर हेरली होती. टॉवेल कमी भरला, शर्टावर डाग राहिला, की ते तडक तिच्यापाशी यायचे आणि म्हणायचे, काच, तू सांग. ती खरं काय ते सांगायची. मग कुणाला तरी बोलणी बसायची आणि त्या दिवशी काचेशेजारी डबा उघडायला कुणी यायचं नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. खरेपणा आपला आणि त्याच्यावर पोळी भाजणार हा माणूस. पण खोटं बोलणं जमतच नसेल तर माणसाने करायचं काय?

कापड सुकवून इस्त्री करणाऱ्या मोठ्या गरम रोलरवर ती आणि तिची नणंद ओल्या चादरी घालायच्या, एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. घरी दोघींचा छत्तीसचा आकडा. बादली कुठे ठेवायची यावरूनही वाजायचं. रोलरवर मात्र बोलायचीसुद्धा गरज पडायची नाही. नवऱ्याशी मोडल्यावर नणंद भावाकडे राहायला आली होती आणि या कामाच्या जोरावर त्या घरात ताठ मानेने वावरत होती. ती मान खाली गेलेली काचेला मुळीच पाहवली नसती, आणि हे ती नणंदेला जन्मात सांगणार नव्हती.

रोलरच्या तोंडाशी एक आडवी दांडी असते. हात तिला लागला की यंत्र जागच्या जागी थांबतं. सारखं काम थांबतं म्हणून मालकांनी ती काढून कोपऱ्यात उभी केली होती. व्हायचं तेच झालं. चादरीबरोबर नणंदेची बोटं आत ओढली गेली आणि तळहात भाजून निघाला.

दोन दिवसांनी ती हाताला पट्टी बांधून कामावर आली. मालकांनी तिला दारातच अडवलं. हात धड नाही तर काम कसलं, चूक तुझीच, उद्यापासून येऊ नकोस, असं सगळं एका दमात ऐकवलं. शेवटी बोलण्यात गेटवरच्या बायका आल्याच.

वकीलबाईंनी इस्त्री आपटली. ही गेली तर आम्ही सगळ्या जातो, त्या म्हणाल्या.

मालक गालातल्या गालात हसले. "वकीलबाई, तुमचे पत्ते मला पाठ आहेत." मग ते रोलरपाशी आले. "काच, तू सांग. असं काही ठरलंय?"

काही म्हणजे काही ठरलेलं नव्हतं. काल सुट्टीत पत्तेच कुटले होते. काचेने दाराकडे पाहिलं. नणंद पट्टीचा हात पदराखाली लपवून उभी होती आणि तिची मान खाली होती. काचेचे कान तापले. पण रोलरच्या वाफेत सगळ्यांचेच चेहरे लाल झालेले, त्यात एकीचे कान कोण बघतो?

"ठरलंय," ती म्हणाली.

"कधी?"

"काल. जेवणाच्या सुट्टीत."

आणि तिने बटण दाबून रोलर बंद केला. चादर अर्धी आत, अर्धी बाहेर राहिली.

"त्या गेटवरच्या बायकांना बोलवा आत. जायच्या आधी चादर कशी घालायची ते शिकवते त्यांना. दांडी काढलीय तेही सांगते."

मालकांनी खिडकीतून गेटकडे पाहिलं. कुत्रं अंग खाजवत बसलं होतं. मागे एक इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला, मग दुसरीचा, मग सगळ्यांच्याच. काच म्हणते म्हणजे ठरलंच असणार, आपण हात धुवायला गेलो तेव्हा ठरलं असेल, असं प्रत्येकीला वाटलं. वकीलबाईंचा तर पापड मोडला होता. आपल्याला न विचारता ठरलंच कसं? पण रुसायची ही वेळ नव्हती.

चादर करपल्याचा वास सुटला. हॉटेलची गाडी दुपारी यायची होती.

"चालू करा," मालक म्हणाले.

"दांडी बसवा आधी," काच म्हणाली. "आणि वन्सं बसून टॉवेल मोजतील, हात बरा होईपर्यंत."

दांडी बसली. नणंद टॉवेलांपाशी बसली. जाता जाता तिने "वहिनी" एवढंच म्हटलं. काचेच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने वाफेच्या नावावर खपवलं.

गाडी भरून गेल्यावर मालक ती करपलेली चादर घेऊन रोलरपाशी आले. कुणी जाळली, असं त्यांनी विचारलं. मी, काच म्हणाली. ते जरा घुटमळले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तू खोटं बोलत नाहीस. काल खरंच ठरलं होतं?"

टेबलावरचे सगळे हात थांबले. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. पण या माणसासाठी आणखी एक थाप खर्च करायची तिची मुळीच इच्छा नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "सकाळी मी एकटीच होते. आता सगळ्यांना विचारून बघा."

मालकांनी मान वर केली. वकीलबाई कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. बाकीच्याही बघत होत्या. नणंद टॉवेल सोडून उठली, काचेशेजारी येऊन उभी राहिली आणि पट्टीचा हात तिने दांडीवर ठेवला.

मालकांनी विचारलं नाही.