डिंपलचं पोट आणि मुंबईची बोट

आमगावच्या केशोरावांच्या कृषी केंद्रातून त्या वर्षी प्लास्टिकचे पाइप असे काही खपले की पाइप कंपनीला आनंद आवरेना. तिनं केशोरावांच्या मुलाला, ओमेशला, बक्षीस दिलं. मुंबई ते गोवा आणि गोवा ते मुंबई, जहाजानं, नवराबायको दोघांनी, खाणंपिणं फुकट. बातमी कळली तेव्हा ओमेशची बायको डिंपल दुकानात चहा घेऊन आली होती. तिनं किटली काउंटरवर ठेवली, युरियाच्या पोत्यावर चढली आणि नाचायला लागली. पाचवा महिना चालू असलेल्या बाईनं युरियावर नाचू नये, हे कुणी तिला सांगायच्या आत गिऱ्हाइकांनी टाळ्या धरल्या.

डिंपल गोंदियाची. समुद्र तिनं फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. नवेगावचा तलाव हेच तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाणी, आणि तिथंही नवऱ्यानं तिला काठावर बसवून चिवडा खाऊ घातला होता. आता एकदा का बाळ झालं, की पुढची पाच-सात वर्षं आपण दुपट्यांतून वर येत नाही, हे ती जाणून होती. जायचं तर आत्ताच. नाहीतर मग कधी?

पण घरात अनुसयाबाई होत्या. डिंपलच्या या सासूबाई तशा मऊ मनाच्या. फक्त एका नियमापुढं त्या कुणाचं ऐकत नसत. गर्भार बाईनं नदी ओलांडायची नाही. गोंदियाच्या दवाखान्यात जाताना पांगोली लागते, पण पांगोलीला त्या नदी मानत नसत. नाला म्हणत. म्हणून निदान तपासणी तरी होत होती.

"मुंबईले जाताना वैनगंगा लागते," त्या म्हणाल्या. "मंग तो समुद्र. काही गरज नाही."

डिंपल हटणारी नव्हती. दुपारी सासूबाई सुपात तांदूळ पाखडायला बसल्या, तशी ती जहाज कंपनीचे गर्भार बायांसाठीचे नियम घेऊन शेजारी बसली आणि मराठीत करून वाचायला लागली. परतीच्या दिवशी चोवीस आठवडे पुरे झालेले नकोत. डॉक्टरचं पत्र पाहिजे. पत्रात बाळंतपणाची तारीख पाहिजे, काही गुंतागुंत नाही असं पाहिजे, जहाजानं जायला हरकत नाही असंही पाहिजे. आणि पोट लपवून कुणी आलं तर तिला दारातूनच परत पाठवणार.

अनुसयाबाईंचं सूप थांबलं. "दारातूनच?"

"हाव जी. पैसेही परत नाही."

"बरोबर हाय. चांगल्या घरचे लोक दिसून राहिले." मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, "अन् नदीचं काय लिवलं?"

"नदीचं काही नाही लिहिलं."

"मंग कच्चं हाय त्याहिचं," असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा हलवायला घेतलं.

कच्चं असो की पक्कं, डिंपलनं ओमेशला पत्र आणायला गोंदियाला पिटाळलं. आता त्या दवाखान्याबद्दल थोडं सांगायला हवं. डॉक्टर चांगले, पण पत्रं लिहायचा त्यांचा कम्पाउंडर दुलीचंद. वर्षानुवर्षं त्याच्याकडं पत्र मागायला यायचे ते मास्तर लोक, तेही निवडणुकीची ड्यूटी लागली की. त्यामुळं दुलीचंदच्या कॉम्प्युटरवर एकच मजकूर तयार असे, नाव तेवढं बदलायचं. त्यानं डिंपलचं नाव घातलं, बाळंतपणाची तारीख घातली, गर्दीत डॉक्टरांची सही घेतली. ओमेशनं शिक्का पाहिला, समाधानानं मान हलवली आणि न वाचता पत्र मुंबईला पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी जहाज कंपनीच्या मुंबईच्या मॅडमचा फोन. ओमेश ऐकत गेला आणि त्याचा चेहरा पडत गेला. पत्रात लिहिलं होतं की सदर व्यक्ती प्रवासास पूर्णपणे असमर्थ असून तिला सक्त विश्रांतीची गरज आहे.

"डिंपलचं तिकीट कॅन्सल करतो म्हणून राहिल्या," तो म्हणाला. मग या पठ्ठ्यानं वर आणखी तेल ओतलं. "दुसरं नाव देता येते म्हणते. चुन्नीलाल रिकामाच आहे."

चुन्नीलाल म्हणजे शेजारचा हार्डवेअरवाला, ओमेशचा दोस्त. डिंपलनं कंबरेवर हात ठेवले. "चुन्नीलालले घेऊन जा. बाळंतपणही त्यालेच करू द्या. मी जातो मायक्याले."

ओमेश पुढच्याच गाडीनं गोंदियाला पळाला. डॉक्टर पोट धरून हसले, त्यांनी दुलीचंदला हाक मारून ते पत्र मोठ्यानं वाचायला लावलं आणि नवीन पत्र स्वतःच्या हातानं लिहून दिलं. तब्येत ठणठणीत, सगळं नियमात. पण मुंबईच्या मॅडमला आता शंका आली. काल जी बाई उठू शकत नव्हती, ती आज समुद्रावर जायला तयार कशी? घरातल्या एखाद्या मोठ्या बाईशी बोलल्याशिवाय आपण नाव लावणार नाही, असं त्यांनी कळवलं.

आणि घरात मोठी बाई एकच होती.

फोन आला तेव्हा डिंपलचे दोन्ही हात पिठात. ती धावत येईपर्यंत अनुसयाबाईंनी फोन उचलला होता. डिंपल दाराशी तशीच उभी राहिली. सासूबाईंनी नुसतं "बहू का तब्येत ठीक नही" म्हटलं असतं की संपलं. बोट, समुद्र, गोवा, सगळं त्या एका वाक्यात बुडालं असतं.

"तकलीफ?" अनुसयाबाई त्यांच्या हिंदीत ओरडून बोलत होत्या, कारण मुंबई लांब. "तकलीफ तो उसको घर में बैठने की है! परसों पोते पर चढके नाची. ... पहिलेवाला कागज? वो झूठा है. वहां सब मास्टर लोगों का वैसाच कागज बनता है. ... हाव, हम सास है. हम बोलते ना, भेजो उसको." मग आवाज खाली आणून, "आपके जहाज में नारियल चलता क्या? समुंदर की ओटी भरना है."

फोन ठेवून त्या वळल्या तर सून पिठाच्या हातानं डोळे पुसत होती. सगळं तोंड पांढरं.

"आई, तुम्ही तर नदीचं म्हणत होत्या!"

"म्हणत होतो." अनुसयाबाई पदरानं तिचं तोंड पुसायला लागल्या. "ओमेश पोटात होता तवा माह्या बहिणीचं, रुख्मिणीचं, लगन होतं. लांजीले. मधात बाघ नदी. माह्या सासूनं नाही जाऊ देल्लं. मी त्या दिवशी असंच इथं बसून तांदूळ निवडले. लय रडलो. काल तुह्यं तोंड पाह्यलं तं तेच तोंड दिसलं मले."

डिंपलनं त्यांना घट्ट मिठी मारली. आता दोघींची लुगडी पिठानं भरली, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मुंबईच्या बंदरावर डिंपलनं पत्र दाखवलं, पत्राची नक्कल दाखवली, नकलेची नक्कलही दाखवली. काउंटरवरची पोरगी म्हणाली, एकच पुरे. नारळ मात्र दोन माणसांनी उलटसुलट करून पाहिला. जहाज हललं आणि तासाभरात ओमेश आडवा झाला. पाइप विकून समुद्र जिंकणाऱ्या त्या वीराच्या पोटात गोंदियापासूनचं सगळं खाणं उलटं फिरायला लागलं. जहाजाचा डॉक्टर धावतच आला, कारण या खोलीत गर्भार बाई आहे अशी त्याच्याकडं नोंद होती. डिंपल दारात उभी राहून कैरी खात होती. तिनं बोटानं पलंग दाखवला. डॉक्टरनं ओमेशला तपासलं, गोळी दिली आणि एक चिठ्ठी लिहिली. सक्त विश्रांती, खोलीबाहेर पडू नये.

ती चिठ्ठी वाचून डिंपल इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग ती एकटीच वर गेली. वर वारा होता, गाणी होती आणि जिकडं बघावं तिकडं पाणी. समुद्रात काही टाकायचं नाही असा जहाजाचा नियम, म्हणून तिनं नारळ समुद्राला नुसता दाखवला, स्वयंपाक्याकडून फोडून घेतला आणि वरच्या सगळ्या अनोळखी लोकांना खोबरं वाटलं. अंगात आनंद मावत नव्हता. ती नाचलीसुद्धा, युरियाच्या पोत्याशिवाय.

जहाज परत मुंबईला लागल्याबरोबर तिनं घरी फोन लावला.

"ओलांडला का समुद्र?" अनुसयाबाईंनी पहिलं तेच विचारलं.

"नाही जी. ओलांडत नाहीत. फिरवून आणतात अन् निघालो तिथंच सोडतात."

पलीकडं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"डिंपल," मग त्या म्हणाल्या, "मीबी तं लांजीहून वापसच येनार होतो न वो. मंग मले काऊन नाही जाऊ देल्लं?"

बंदरावर माणसं सामान ओढत होती, ओमेश जमिनीला पाय लागल्याच्या आनंदात वडापाव खात होता.

"आई," ती म्हणाली, "मी आली की आपण लांजीला जाऊ. रुख्मिणीमावशीकडं. दोघीच. बाघ नदीवरून."

"तुह्या ह्या पोटानं?"

"माझ्या पोटाचं सर्टिफिकेट आहे!"

अनुसयाबाई फोनमध्येच हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी नाक पुसल्याचंही ऐकू आलं.

"जाऊ," त्या म्हणाल्या. "पण लवकर ये. चोवीस आठवड्याच्या आत जाऊन यावं लागन. जहाजवाल्याहिचा नियम मोडाचा नाही."