मला एकही तडा गेलेला नाही

मित्रांनो, मी अमेरिकन फुटबॉलचं एक जुनं हेल्मेट आहे. वरून निळा दिसतो, पण नखाने जरा खरवडलंत तर खाली केशरी लागेल, त्याच्या खाली हिरवा आणि मग आणखी काही रंग, जे आता मलाही नीट आठवत नाहीत. माझा मालक ज्या ज्या संघात गेला त्या त्या संघाने मला आपल्या रंगात रंगवलं. त्याला काढून टाकताना मात्र माझ्यावरचं आपलं चिन्ह न विसरता खरवडून घेतलं. सध्या मी मिसिसिपीतल्या एका गॅरेजमध्ये मासे ठेवायच्या फ्रीजरवर पडून असतो. माझ्यावर ओरखडे पुष्कळ आहेत, पण तडा एकही नाही. याचा लोकांना फार आनंद वाटतो. मला वाटत नाही.

कारखान्यात गरम प्लास्टिक साच्यात घालून मला घडवलं. मग उंचावरून माझ्यावर वजन टाकून पाहिलं. मी टिकलो. शेवटी एका बाईने माझ्या आत, मानेच्या बाजूला, एक बारीक अक्षरांचा कागद चिकटवला. या खेळात डोक्याला इजा होऊ शकते आणि कोणतंही हेल्मेट ती पूर्णपणे टाळू शकत नाही, असं त्यावर लिहिलं होतं. माझ्याबद्दल जगात खरं बोललेले तेवढेच लोक. पण तो कागद अशा जागी आहे की हेल्मेट डोक्यावर चढवलं की कोणाला वाचता येत नाही.

मी पहिल्यांदा गेलो उत्तरेकडच्या एका थंड शहरातल्या संघाकडे. तिथल्या सामानखोलीचा प्रमुख होता स्टॅन वायचेक. एके दिवशी त्याच्यापुढे डॉनेल प्रूइट नावाचा पोरगा येऊन उभा राहिला. कॉलेजातल्या खेळाडूंमधून संघ आपापली माणसं निवडतात, तेव्हा डॉनेलचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. त्याला नुसतं येऊन बघ म्हणून बोलावलं होतं. स्टॅनने एकामागून एक हेल्मेटं त्याच्या डोक्यावर चढवून पाहिली. एकही बसेना.

"डोकं आहे की कलिंगड?" स्टॅन वैतागून म्हणाला.

"माझी आईपण हेच विचारते," डॉनेल म्हणाला.

तेव्हा स्टॅनने मला सगळ्यात वरच्या फळीवरून काढलं. मी बरोबर बसलो. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचे झालो.

डॉनेलची जागा होती बचावाच्या पहिल्या रांगेत. आमच्या फुटबॉलमध्ये ही हमालीची जागा. हात जमिनीला टेकवून वाकायचं आणि चेंडू हलला की समोरच्या धिप्पाड गड्याला खांद्याने, डोक्याने रेटत न्यायचं. ती कोंडी फुटली की मागून कोणीतरी हलका, देखणा गडी धावत येतो आणि नाव कमावतो. डॉनेलला त्याचं काही वाटत नसे. त्याचं डोकं नुसतं मोठं नव्हतं, तल्लख होतं. डावांचं ते जाडजूड पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. समोरच्याची जमिनीवर टेकलेली बोटं पांढरी पडली की तो पुढे मुसंडी मारणार, बोटं सैल असली की मागे हटणार, हे त्याला माझ्या जाळीतून एका नजरेत कळायचं. असं डोकं माझ्यात होतं, मित्रांनो.

हंगामाच्या आधी प्रत्येक खेळाडूला एका मशीनपुढे बसवत. पडद्यावर काही शब्द दाखवायचे, थोड्या वेळाने विचारायचे. पुढे कधी डोक्याला मार बसलाच तर पुन्हा तीच परीक्षा घ्यायची आणि दोन्ही निकाल ताडून बघायचे. कल्पना चांगली होती. पण शेजारच्या लॉकरला व्हर्डेल गेन्स बसायचा. तो त्या रांगेतला सगळ्यात जुना गडी. नाकाचं हाड दोनदा मोडलेलं, बोटं वाकडी.

"कुठे निघालास?" त्याने विचारलं.

"मशीनच्या परीक्षेला."

"मग हे ऐक, पोरा. आज हुशार निघालास की मेलास. उद्या दणका बसला आणि निकालात फरक दिसला, की तुला बाकावर बसवतील. मोठ्या नावाचा माणूस बाकावरून परत येतो. तुझ्यासारख्याची जागा दुसऱ्याला जाते. तेव्हा आज ठोंब्या बन."

"किती ठोंब्या?"

"कोचएवढा."

सगळी खोली हसली. सगळेच तसं करत होते. डॉनेल मला काखेत मारून गेला आणि परत आला तो गालातल्या गालात हसत.

"किती सांगितलेस?" व्हर्डेल म्हणाला.

"एकच. लिंबू. मग बराच वेळ डोकं खाजवलं."

"आणि येत किती होते?"

"सगळे. लिंबू, शिडी, घंटा, होडी, मेंढरू. उलटे म्हणून दाखवू?"

"गप रे. डॉक्टर ऐकेल."

मीही तेव्हा हसलो असतो, मला तोंड असतं तर.

त्या संघाने डॉनेलला लवकरच काढलं. आमच्याकडे माणसाला काढायची एक रीत आहे. सकाळी एक गृहस्थ लॉकरपाशी येतो, खांद्यावर हात ठेवतो आणि हळूच म्हणतो, "कोचनी बोलावलंय. डावांचं पुस्तक घेऊन ये." पुस्तक परत मागितलं की समजायचं. मग माणसाचे बूट, कपडे, आईचा फोटो, सगळं काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरायचं आणि मागच्या दाराने निघायचं. स्टॅनने मलाही त्या पिशवीत टाकलं. "घेऊन जा," तो म्हणाला. "या मापाचं डोकं माझ्याकडे पुन्हा यायचं नाही." मला कोणी प्रेमाने दिलेली तेवढीच भेट आठवते.

त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं वणवण केली. कुठल्यातरी संघातल्या कोणाचातरी गुडघा निखळायचा, मग डॉनेलचा फोन वाजायचा. मंगळवारी मैदानावर पळवून बघायचे, रविवारी सामन्यात उतरवायचे आणि तो गुडघा बरा झाला की पुस्तक परत मागायचे. दुसऱ्याच्या दुखण्यावर आमची चूल पेटत होती. रेनिताशी, त्याच्या बायकोशी, त्याचं लग्न झालं ते असल्याच दोन नोकऱ्यांच्या मधल्या आठवड्यात. तो घरी यायचा आणि ती विचारायची, "पिशवी उघडू की राहू दे?"

कौतुकही एकदा झालं. हिरव्या रंगाच्या संघात असताना डॉनेलने शेवटच्या घटकेला हात उंचावून चेंडू हवेतच अडवला आणि हरत आलेला सामना आम्ही जिंकला. सगळं मैदान उभं राहिलं. भोंग्यावरून नाव पुकारलं गेलं, ते मात्र ज्याच्या जागेवर आम्ही खेळत होतो त्या जखमी गड्याचं. डॉनेलने तरी हात हलवला. पुढच्याच आठवड्यात तो गडी बरा झाला.

मग केशरी संघातला तो दिवस आला. समोरच्या गड्याचं डोकं माझ्या कपाळावर असं आदळलं की माझ्या पट्ट्या करकरल्या. माझं काही बिघडलं नाही. डॉनेल उठला, शांतपणे चालत गेला आणि विरुद्ध संघाच्या बाकावर जाऊन बसला. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी त्याला मशीनपुढे बसवलं आणि पहिल्या संघाकडून जुना निकाल मागवला.

"तेव्हा एक शब्द आठवला होता, आजही एकच," डॉक्टर म्हणाला. "फरक काही नाही. खेळू दे."

डॉनेलने खुशीत व्हर्डेलला फोन लावला. "म्हाताऱ्या, तुझी युक्ती लागू पडली."

पण मित्रांनो, या वेळी तो सोंग करत नव्हता. त्या दिवशी त्याला खरोखरच एक शब्द आठवला होता. हे कळण्याइतका त्याच्या जवळ मी एकटाच होतो आणि मला बोलता येत नव्हतं. पुढच्या रविवारी त्याने मला पुन्हा डोक्यावर चढवलं. असं नंतर किती वेळा झालं ते सांगत बसत नाही. दर वेळी जुना निकाल काढायचे आणि दर वेळी फरक नसायचा.

शेवटी फोन वाजायचा थांबला. निरोप नाही, हार नाही, काही नाही. आम्ही निळ्या रंगातच घरी परतलो.

घरी आल्यावर काही वर्षं बरी गेली. मग डॉनेल चर्चला निघायचा आणि जुन्या शाळेपाशी सापडायचा. माशाची कढई चुलीवर ठेवून अंगणात जाऊन बसायचा. रेनितावर ओरडायचा आणि मग कशाला ओरडलो ते आठवेना म्हणून रडायचा. रेनिता एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. त्याला एकटं घरी ठेवता येईना, म्हणून ती त्याला बरोबर नेऊ लागली. ती आत पोरांना मक्याचा पाव वाढायची आणि तो दिवसभर बाहेर गाडीत बसून राहायचा. खिडकीवर तिने चादर लावली होती, ऊन लागू नये म्हणून आणि पोरांनी बघू नये म्हणूनही.

जुन्या खेळाडूंच्या उपचारांसाठी एक निधी होता. त्यातून मदत मिळाली असती तर घरी सांभाळायला माणूस ठेवता आला असता. डॉनेलला त्या गाडीतून बाहेर काढायचं, एवढंच रेनिताला हवं होतं. तिने अर्ज केला, सुनावणी ठरली. ती मला फडक्याने पुसून तिथे घेऊन गेली आणि तिने मला टेबलावर ठेवलं. व्हर्डेललाही तिने बोलावलं होतं. तो काठी टेकत आला. त्याचा स्वतःचा अर्ज त्याच निधीकडे पडून होता.

निधीचे वकील नीटनेटके, गोड बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला उचललं, फिरवून पाहिलं, बोटाने टकटक केलं. "हेल्मेट तर उत्तम स्थितीत आहे," ते म्हणाले. मग त्यांनी डॉनेलला काही नवे शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. त्याला एक आठवला.

"प्रूइटबाई," वकील म्हणाले, "तुमच्या यजमानांना अगदी पहिल्या परीक्षेतही एकच आठवला होता. खेळाने काही बिघडवलं असं कसं म्हणायचं? ते पहिल्यापासून असेच होते."

"असेच?" रेनिता म्हणाली. "साहेब, त्याला अख्खं डावांचं पुस्तक पाठ होतं. आमच्या लग्नात त्याने माझ्या सगळ्या मावश्यांची नावं एका दमात घेतली होती."

तेव्हा व्हर्डेल उठला. "ती परीक्षा खोटी होती," तो म्हणाला. "मी शिकवलं त्याला चुकायला. आम्ही सगळेच चुकायचो. मीसुद्धा." रेनिताने त्याचा कोट ओढला, खाली बसा म्हणून. कारण हे बोलून तो आपलाही अर्ज फाडत होता, हे तिला कळलं. तो बसला नाही.

वकिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे पूर्वी हे मुद्दाम चुकत होते," ते म्हणाले. "मग आज मुद्दाम चुकत नाहीत कशावरून?"

अर्ज फेटाळला गेला.

बाहेर गाडीत येऊन सगळे बसले. मी डॉनेलच्या मांडीवर होतो. "आपण कुठे आलोय?" त्याने विचारलं. रेनिताने सांगितलं. थोड्या वेळाने त्याने तेच पुन्हा विचारलं. मग त्याची नजर मागे बसलेल्या व्हर्डेलवर गेली आणि चेहरा एकदम उजळला.

"म्हाताऱ्या," तो हळूच म्हणाला, "मला सगळे येत होते. लिंबू, शिडी, घंटा, होडी, मेंढरू." मग तो हसला आणि त्याने तेच उलटे म्हणून दाखवले. मेंढरू, होडी, घंटा, शिडी, लिंबू.

रेनिताने दाराच्या कडीला हात घातला. "मी आत जाऊन सांगते त्यांना. अजून असतील ते."

"काय सांगशील, बाई?" व्हर्डेल म्हणाला. "त्याची आठवण चांगली आहे म्हणून?"

तिने हात मागे घेतला. गाडी सुरू केली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात तीच गाडी होती आणि खिडकीवर तीच चादर.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना आम्हाला जपा असं सांगतात. मला तुम्ही जपू नका. मला फार जपलं गेलंय. माझे रंग जपले, पट्ट्या बदलल्या, गाद्या बदलल्या. मी जसाच्या तसा आहे. तुमच्यापैकी कोणाच्या डोक्यावर माझा एखादा भाऊ चढणार असेल, तर चढवण्याआधी त्याला उलटा करा आणि आतला तो कागद वाचा. आणि कोणी विचारलं की तुम्हाला किती येतं, तर सगळं सांगून टाका.