रेघा नसलेला तक्ता

धरणाचं पाणी दुपारी तीनला सोडणार होते. कुठल्या वस्तीनं कुठल्या निवाऱ्यात जायचं, ते सांगणारं नगरपालिकेच्या वेबसाइटवरचं पान मी केलं होतं. पान देखणं होतं, हे मीच सांगते. दुसरं कोणी सांगायला आलं नव्हतं. डावीकडे वस्त्या, उजवीकडे निवारे, मध्ये मोकळी जागा, आणि आखणीच्या ग्रिडवर बसवलेल्या ओळी केसभरही इकडेतिकडे नाहीत.

"सरळ तक्ता कर की," पानाचं कोड लिहिणारा आमचा कोडवाला म्हणाला होता. "वस्ती आणि तिचा निवारा एकाच चौकटीत बांध."

मला चौकटी आवडत नाहीत. रेघा मारल्या की पान हजेरीपटासारखं दिसतं. म्हणून मी दोन सुटे रकाने शेजारी ठेवले आणि ओळी नजरेनं जुळवल्या. त्यानं खांदे उडवले. माझ्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्याला ठाऊक आहे.

सव्वादोनला आईचा फोन आला. "निघालो गं. शेजारचे दहा जण बरोबर आहेत. सगळ्यांना तुझं पान दाखवलं, म्हटलं, माझ्या लेकीनं केलंय."

"शाळेत पोचलीस की कळव."

"शाळा कुठली? आपल्यापुढे गोदाम लिहिलंय."

गोदाम नदीपलीकडे होतं, आणि मधला पूल सगळ्यात आधी पाण्याखाली जातो.

"आई, फोनवर अक्षरं किती मोठी ठेवलीयेस?"

"नेहमीएवढीच. चष्म्याशिवाय दिसतील एवढी."

मग कळलं. मोठ्या अक्षरांत वरच्या एका वस्तीचं लांबलचक नाव मोडून दोन ओळींत गेलं होतं. त्याखालची प्रत्येक वस्ती एक ओळ घसरली. निवारे होते तिथेच राहिले. आईच्या त्या अक्षरांना मी कायम हसत आले होते.

"आहेस कुठे तू?"

"पुलाच्या तोंडाशी. गुडघ्यांमुळे मागे पडले. बाकीचे पुढे गेले."

"पान चुकलंय. आपल्याला शाळेतच जायचंय. तू पुलावर जाऊ नकोस, तिथूनच हाक मार त्यांना."

"ऐकू जायचं नाही. दोघं तर ठार बहिरे आहेत," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी पालिकेला फोन करून पुलावर माणूस धाडायला सांगितलं. कोडवाल्यानं खुर्ची ओढली. सात मिनिटांत तक्ता झाला, रेघांसकट. आईचा फोन लागत नव्हता. मी पुन्हा लावला. पुन्हा.

तीनला दहा कमी असताना तिचाच आला. तिला धाप लागली होती.

"अकराही शाळेत आहोत. पुलावर जाऊन एकेकाला हाताला धरून मागे फिरवलं."

मी टेबलावर डोकं टेकून रडले. ती माझं रडणं ओसरेपर्यंत थांबली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सगळे विचारत होते, पान चुकलं कसं. मी सांगितलं, माझ्याच वाचण्यात चूक झाली."

"तुझी नाही झाली," मी म्हणाले. "आई, स्पीकर लाव. मी सांगते त्यांना."