दोघींतली माहेरची पुतळी

मित्रांनो, मी एक जुनी सोन्याची पुतळी आहे. पुतळी म्हणजे खेळण्यातली बाहुली नव्हे. मी एक नाणं आहे. माझा जन्म समुद्रापलीकडे व्हेनिस नावाच्या शहरात झाला. माझ्या एका बाजूला दोन माणसं आहेत, एक उभा आणि एक गुडघे टेकलेला. ती कोण आहेत हे इकडे कोणाला माहीत नव्हतं. लोकांना ती दोन पुतळ्यांसारखी दिसली, म्हणून माझं नाव पुतळी पडलं.

व्यापाऱ्यांबरोबर मी इकडे आले. किती हात बदलले ते आता आठवत नाही. शेवटी माण तालुक्यातल्या एका मेंढपाळाने चाळीस मेंढ्या दिल्या आणि त्या बदल्यात मला घेतलं. त्याच्या बायकोने दाभण तापवून माझ्या कडेला भोक पाडलं आणि लोकरीच्या दोऱ्यात ओवून मला गळ्यात घातलं. तेव्हा दुखलं, पण पेटीत पडून राहण्यापेक्षा ते बरं होतं. चार पिढ्या मी आईकडून लेकीकडे जात राहिले. त्या घरात माहेरचं सोनं लेकीलाच द्यायची रीत होती.

अशीच मी हरणाबाईकडे आले. तिचं लग्न उंब्रजजवळच्या जोतीरामांशी झालं. ते घरही मूळचं मेंढपाळांचंच होतं, पण आता त्यांची नदीकाठी बागायती शेती होती. लग्नात सासू मनुबाईंनी सुनेच्या गळ्यात त्यांची पुतळी घातली. तिला सोनाराने बसवलेली छान कडी होती. मी मात्र लोकरीच्या दोऱ्यात होते.

मनुबाईंनी मला हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, "आमची पुतळी अस्सल हाय. ही तुज्या बापानं कुटनं तरी घडवून आणलीया."

हरणाबाईने मला परत गळ्यात घातलं. पुढे सण आला की हे बोलणं ठरलेलं असायचं. पाहुण्यांसमोर तर नक्कीच.

मुलगी मयूरी लहान असताना उंब्रजच्या सोनाराने माझं भोक बुजवलं, मलाही तशीच कडी लावली आणि आम्हा दोघींना एका माळेत ओवलं. आता आमच्यातला फरक कोणाला दिसत नव्हता. हरणाबाई मात्र अंगठा फिरवून मला ओळखायची. दसऱ्याला ती पूजेत आधी मला ठेवायची.

मुलगा तानाजीच्या लग्नात मानपानावरून वाद झाला. तेव्हा जोतीरामही रागात बोलून गेले, "तुजी पुतळी खोटी आन् तुज्या माहेरचा मान बी खोटा." हरणाबाई भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला आणि परत चालू झाला. हे मी तिच्या गळ्यात असताना ऐकलं.

गेल्या भाद्रपदात हरणाबाई तीन दिवसांच्या तापाने गेली. तिने जोतीरामांना एवढंच सांगितलं होतं, "माजी मयूरीला द्या. आत्याबाईंनी लग्नात घातल्याली तानाजीच्या बायकोला."

दिवसकार्य झालं. जोतीरामांनी माळ सोडून आम्हाला तळहातावर घेतलं आणि बघत बसले. हरणीची कोणती? त्यांना सांगता येईना. मनुबाईंनाही येईना. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण आम्हाला तोंड कुठे असतं?

ते आम्हाला साताऱ्याच्या एका सराफाकडे घेऊन गेले. सराफाने वजन केलं, मशीनखाली ठेवलं. वजन जवळजवळ सारखं, सोनं सारखंच चोख. "दोन्ही आटवून दोन अंगठ्या करा की," सराफ म्हणाला. "वाटणी सरळ होईल."

"वाटणीचं न्हाई वो. कोनाची कंची, त्ये पायजे."

"ते मला नाही कळायचं. सांगलीला चिंतामणराव आहेत, जुनी नाणी ओळखतात. त्यांना दाखवा."

चिंतामणराव शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. जोतीराम धोतराच्या सोग्याने मला घासायला लागले तसे ते म्हणाले, "अहो काका, घासू नका! घासून घासून नाण्याचं तोंड जातं. कडेला धरा."

मग त्यांनी भिंग लावलं आणि आम्हा दोघींना उलटसुलट करून बघितलं.

"यातली एक बाहेरची आहे, अस्सल," ते म्हणाले. "हिची अक्षरं नीट वाचता येतात. दुसरी इकडच्या सोनाराने बघून केलेली. त्याला ती लिपी येत नव्हती, म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा मारल्यात. सोनं दोन्हींत चांगलं आहे. फसवणूक कोणी केली नाही. तेव्हा अशा पुष्कळ घडवायचे."

जोतीराम म्हणाले, "मंग झालं. अस्सल ती आमची. रेघांची हरणीच्या माहेरची."

त्यांनी रेघांची पुतळी मयूरीसाठी वेगळ्या पुडीत बांधली. मित्रांनो, त्या क्षणी मी चुकीच्या गळ्यात चालले होते.

"थांबा जरा," चिंतामणराव म्हणाले. "या अस्सल पुतळीची किंमत मात्र कमी येईल. नाहीतर हौशी माणसाने सोन्याच्या भावापेक्षा बरंच जास्त दिलं असतं."

"का वो?"

"हिला भोक होतं. नंतर बुजवलंय. इथला रंग बघा, फिका आहे."

जोतीरामांनी भिंग घेतलं. चिंतामणरावांनी मला कडेला धरून ठेवलं.

"लोकरीचा दोरा," जोतीराम म्हणाले. "लगीन होऊन आली तवा हिच्यात लोकरीचा दोरा हुता." मग त्यांनी बांधलेली पुडी सोडली, रेघांची पुतळी बाहेर काढली आणि तिच्या जागी मला ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी ओसरीवर बसलेल्या मनुबाईंना सांगितलं, "आये, हरणीचीच अस्सल हाय. आपली घडवल्याली."

नव्वदीच्या मनुबाईंनी आम्हा दोघींना हातात घेऊन बघितलं. "मंग चाळीस वर्सं मी काय बोलले रं?"

जोतीराम आम्हाला परत पुडीत बांधायला लागले.

"मी तर बोललेच. पर तुजी बायकू हुती. तू कवा मला गप बस म्हनलास?"

जोतीरामांनी मयूरीला बोलावणं धाडलं.

रविवारी मयूरी आली. मनुबाईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि मला तिच्या गळ्यात बांधलं. गाठ तीनदा सुटली, पण त्यांनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. "तुज्या आयची हाय," त्या म्हणाल्या. "अस्सल हाय. तिला सांगायचं ऱ्हाऊन गेलं बग."

"आईनं हे ऐकायला पायजे हुतं," मयूरी म्हणाली. जोतीराम उठून गोठ्याकडे गेले.

खरं सांगू का? मी अस्सल आहे हे हरणाबाईला कधीच कळलं नाही. मी तिच्या आईची आहे एवढंच तिला माहीत होतं, आणि तेवढ्यासाठी तिने मला जपलं.

मित्रांनो, तुमच्याही घरी अशी जुनी नाणी असतील. त्यांना घासू नका, भोक पाडू नका आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय आटवू नका. आणि ती कोणाची, कुठून आली, हे ज्या माणसाला माहीत आहे त्याला आजच विचारा. त्याच्याशी काही वाकडं बोलला असाल तर तेही आजच मिटवा. नाण्याची पारख उद्याही होईल. जोतीरामांना सगळं कळलं, पण तोवर सांगायला समोर कोणी उरलं नव्हतं.