रुबिएलाकाकूंना उचलण्यासाठी

आमच्या शेजारचे आर्सेसिओकाका गुडघा बदलून घ्यायला तयार झाले ते स्वतःच्या चालण्यासाठी नव्हे. रुबिएलाकाकू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या. रोज सकाळी त्यांना उचलून खुर्चीत बसवायचं काम काकांचं. एकदा गुडघ्यानं दगा दिला आणि दोघंही पडली. मग काकूंची भाची योलिमा त्यांना खाली चिंचिना गावात आपल्या घरी घेऊन गेली. पाय धड झाला की परत न्या, म्हणाली.

ऑपरेशन झालं तसे काका व्यायामाला भिडले. डेसी नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा आमचा चढ चढून यायची. एरवी ते एकटेच करायचे. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायची. हात न टेकता जेवणाच्या खुर्चीतून उठायचं, सावकाश बसायचं. पुढे पुढे घोट्याला राजम्याची पिशवी बांधून पाय उचलायचा. मी गुळाचं गरम पाणी घेऊन जायची तेव्हा काका घामानं निथळत असत. इतकी घाई कशाला, असं मी एकदा म्हटलं.

"ती तिकडे परक्या पलंगावर निजतेय गं," ते म्हणाले.

फोनवर काकू हळूहळू बोलेनाशा झाल्या. तिला फोन कधी आवडलाच नाही, असं काका सांगत.

शेवटी डेसीनं परवानगी दिली, पण उचलताना जवळ कुणीतरी हवं म्हणाली. म्हणून बसनं मीही गेले. काकांनी दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. योलिमा दारातच सांगू लागली की मावशी हल्ली माणसं विसरते. काका मान हलवत थेट आत गेले, शिकवल्याप्रमाणे गुडघ्यात वाकले आणि त्यांनी काकूंच्या कमरेला हात घातले.

काकूंनी चांगल्या हातानं त्यांना ढकललं. "सोडा मला. कोण तुम्ही?"

"अगं, मी."

"आमच्या ह्यांना बोलवा. तेच उचलतात मला. दुसऱ्या कुणाला जमत नाही."

काका जरा वेळ तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "बोलावतो हं," आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकूंना योलिमानं उचललं.

त्या दिवशी आम्ही दोघंच परतलो. आता दर रविवारी ते बसनं जातात आणि काकूंच्या समोर बसतात. काकूंना वाटतं, चर्चमधून कुणी भले गृहस्थ येतात. नवऱ्याचा पाय बरा झाला का, असं त्या त्यांनाच विचारतात. होतोय, असं काका सांगतात.

घरी मात्र व्यायाम बंद आहे. गुडघा पुन्हा आखडेल म्हणून डेसी रागावते, ते ऐकून घेतात. मी गुळाचं पाणी ठेवते आणि निघून येते.